फेरतपासणीला दिलेले नाणे परत मिळण्याबाबत

जबाब देणार: चष्मेवाले, याच नावाने सर्वत्र परिचित. वय ६८ वर्षे. धंदा: चष्म्याचे दुकान. राहणार: टपाल कचेरीच्या मागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला.

आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः येऊन सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. मला जुनी नाणी जमवण्याचा नाद आहे. पत्नी शिंप्याकडून येणाऱ्या कपड्यांना घरी काज-बटणे करते. तिला नाण्यांतले काही कळत नाही आणि तसे ती चारचौघांत सांगते.

माझ्या साठाव्या वाढदिवसाला पत्नीने मला चांदीचे एक जुने नाणे दिले. त्यासाठी ती काज-बटणांच्या कमाईतून पैसे बाजूला टाकत होती, याचा मला पत्ता नव्हता. कोणी फसवू नये म्हणून तिने कंपनीने तपासलेले नाणे घेतले. अशी कंपनी नाणे अस्सल आहे का ते पाहते, त्याच्या स्थितीला आकडा देते आणि प्लास्टिकच्या डबीत सील करते. सोबत हमी असते. तपासणीत चूक झालेली निघाली तर कंपनी भरपाई देते. ती डबी मी दुकानात गल्ल्याशेजारी ठेवत असे. गिऱ्हाईक डोळे तपासायला बसले की आधी नाणे दाखवत असे. लोक कंटाळत, पण खुर्चीत बसलेला माणूस जाणार कुठे?

गेल्या महिन्यात माझे मित्र कागदवाले दुकानात आले. तेही नाणी जमवतात. त्यांनी भिंगातून पाहून नाक मुरडले. पत्नीने दिलेल्या वस्तूला कोणी नावे ठेवलेली मला खपत नाहीत. माझे पित्त खवळले. हमीखाली फेरतपासणी करून घेतो आणि वाढीव आकडा आणून तुमचे तोंड बंद करतो, असे मी बोलून गेलो आणि पत्नीला न सांगता डबी कंपनीकडे पाठवली. अर्जावरच्या अटी वाचल्या नाहीत. जन्मभर लोकांना बारीक अक्षरे वाचायला लावणाऱ्या माणसाने असे करावे, याला काय म्हणावे ते साहेबांनीच ठरवावे.

कंपनीचे उत्तर आले की नाणे नकली आहे, पहिल्या तपासणीत आमची चूक झाली, हमीप्रमाणे पूर्ण किंमत देत आहोत. नकली नाणे पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून ते परत मिळणार नाही, असेही त्यात होते. मी फोनवर पुष्कळ गयावया केली. पलीकडची मुलगी शांतपणे तेच तेच सांगत राहिली. रागाच्या भरात मी इथे येऊन कंपनीने नाणे लाटल्याची तक्रार दिली.

घरी पत्नीने डबी कुठे आहे असे विचारले. डबीला चरा पडला म्हणून बदलायला दिली आहे, असे मी सांगितले. ती बरे म्हणाली आणि पुन्हा काज करायला बसली. सुया टोचून टोचून तिच्या बोटांची काय दशा झाली आहे, हे मला माहीत आहे. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

आज साहेबांनी विचारले की खोट्या नाण्याचे पूर्ण पैसे मिळत असताना तक्रार कसली? मी सांगितले की पैसे नकोत, ते खोटे नाणेच हवे. साहेबांनी पेन खाली ठेवले. खरेदीची पावती पत्नीच्या नावावर असल्याने तिला बोलवावे लागेल, असे ते म्हणाले. मी हात जोडले. आपण फसलो हे तिला कळू नये, एवढीच माझी धडपड होती. पण साहेबांचाही नाइलाज होता.

पत्नी आली. मला इथे बसलेला पाहून आधी माझ्यावरच डाफरली, रक्तदाबाची गोळी घेतली का ते विचारले. साहेबांनी तिला कंपनीचे पत्र वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर ती मला म्हणाली, "मला कुठं नाण्यातलं कळतंय? डबी हातात दिल्यावर तुमचं तोंड बघायचं होतं मला. ते बघितलं. माझे पैसे तिथंच वसूल झाले." यावर मला रडू आले. तसे लिहायला माझी हरकत नाही.

पत्नीने साहेबांना सांगितले की पैसे कंपनीने ठेवावेत आणि आमचे नाणे आम्हाला द्यावे. हवे तर त्याला भोक पाडावे, ते कापावे, पण द्यावे. माझेही म्हणणे तेच आहे. ठाण्यातर्फे कंपनीला तसे विनंतीचे पत्र जाईल. कंपनी ऐकेलच असे नाही, हे साहेबांनी आम्हा दोघांना समजावून सांगितले आहे. नाणे लाटल्याचा आरोप मी मागे घेतो.

हा जबाब मला व पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना मी एक दुरुस्ती सांगितली, ती इथे नोंदवून घेतली आहे. वर जिथे जिथे 'खोटे नाणे' किंवा 'नकली नाणे' असे लिहिले आहे, तिथे 'पत्नीने दिलेले नाणे' असे वाचावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व बरोबर आहे.