आत्यानं सांगितलेला सिनेमा

सिनेमानं मानूस बिघडते म्हनता ना तुमी? मंग हे आइका.

आमचे बाबा आन् काका वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडले, तवापासून एकमेकाशी बोलतच नव्हते. एकदा दोघंबी आपापला कापूस घेऊन, मी बाबासंग, आदिलाबादले गेले आन् आमच्या आत्याच्या घरी उतरले. आत्या तिथं मास्तरीन. तिनं दोघायले दुपारच्या खेळाले नेलं, संग मलेबी. सोता दोघायच्या मधात बसली.

सिनेमा तेलुगू, भावाभावाच्या खूनखराब्याचा. आमाले तेलुगू येत नव्हतं, म्हनून आत्या हळूच मराठीत सांगे. बिडीच्या धुरात उजेडाची पट्टी तरंगून राह्यली होती. बाबाच्या केसातला कापूस तिच्यात चांदन्यावानी चमके. अजूनबी डोळे मिटले का दिसते.

पडद्यावर धाकट्यानं थोरल्याच्या छातीले बंदूक लावली आन् ओरडला.

"काय म्हनून राह्यला?" बाबानं इचारलं.

आत्या म्हने, "दादा, जेवला का तू?"

थोरला गुमान उभा. धाड! गोळी सुटली.

"काऊन मारलं?" काका दचकले.

"थोरला बोललाच नाई ना."

बाहेर उन्हात आलो. काका चपलीकडं पाहातच म्हनले, "दादा, जेवला का तू?"

बाबा घाईघाईनं म्हनले, "नाई रे! चाल, संगंच जेवू."

पुढं मी तेलुगू शिकलो, तोच सिनेमा पुन्ना पाह्यला. धाकटा म्हनत होता, "आज तुले जित्ता सोडत नाई." आत्याले जाऊन सांगतलं.

ती हासली. "सिनेमातला त मरनारच होता, बाबू. मले माहे भाऊ वाचवाचे होते."