दादाला विचारा

न्हाय, पण तुम्हीच सांगा, म्या घाबरलो तर माझं चुकलं का? मोबाईल उघडला की लाल अक्षरं... 'दादाला विचारा'! अहो, कुठं जाऊन विचारू? छातीत कळ आली म्हणला अन् गेला दादा! खव्याचं घर आमचं, पण अजून कुणी गोडाला हात लावला न्हाय...

भूमला भट्टी हाय आमची. सगळा कारभार दादाच्या डोक्यात. म्या सातवी नापास, कढईत खवा हलवायचा, बास! जायच्या आधी दादानंच पुण्याच्या कंपनीला सॉफ्टवेअर बनवाया सांगितलेलं. तिथनं श्रिया मॅडम आली. म्हणलो, मॅडम, मला कॉम्प्युटरचं काय कळतंय, करा तुमचं तुम्ही. तर म्हणती, "कोड आता मशीन लिहितं हो. आम्हाला तुमचा धंदा कळायला हवा. दूध कुणाचं घ्यायचं, कुणाचं नाही, कसं ठरवता?"

घ्या! मला वाटलं परीक्षा तिची, अन् पेपर माझ्याच हातात!

तुम्हाला सांगतो, भ्यालो की माझं तोंड थांबत न्हाय. सुटलो... आंबूस वास आला, परत. पाणी लागलं, परत. पण लिंबाजी तात्याचं परत करायचं न्हाय. घ्यायचं अन् वरडायचं.

"ओरडायचं? हा नियम आहे?"

"व्हय! न्हायतर उद्या जास्त पाणी घालतंय म्हातारं."

घातला की तिनं नियम! आता तात्या आला की पडद्यावर येतं, 'घ्या. ओरडा.' तात्या म्हणतो, "आरं, मशीनबी वरडाया लागलं व्हय!"

पण माझी एक खोड. कुठं अडलो की म्हणायचं, दादाला विचारायचं. म्हशीचा चारा बदलला, दूध पातळ लागलं... दादाला विचारायचं. सणाला खवा आधी कुणाला... दादाला विचारायचं. माझा थोरला भाऊ युवराज गेला हे मॅडमला ठाऊक, पण दादा म्हणजे त्योच, हे तिला कुठलं कळायला? "दादांचा नंबर?" म्हणली. तोंडपाठ हाय, दिला म्या!

अन् मग सकाळी हरणाबाईचं दूध पातळ लागलं. भट्टी पेटलेली, कढई तापलेली, मशीन ठप्प. 'दादाला विचारा.' अन् घरात दादाचा फोन वाजला! आई आतनं वरडली, "आरं, दादाला कुणीतरी विचारतंय, हरणाबाईचं दूध घेऊ का म्हणून!" हरणाबाईनं घागर ठेवून हातच जोडले.

मॅडमला फोन लावला, म्हणलो दादा म्हणजेच युवराज. बिचारी रडायलाच लागली. "सॉरी हो... काढून टाकते. तिथं तुमचं नाव घालू?"

माझं? म्हणजे समद्यांनी मला विचारायचं? दूध, गिऱ्हाईक, घर... मला? म्या किंचाळलो, "हात लावू नका त्याच्या नावाला!"

तेवढ्यात पडद्यावर उत्तर आलं. दादाच्या नंबरवरनं. 'घ्या.'

वळून बघतो, तर दारात आई, दादाचा फोन घेऊन. "येड्यावाणी काय बघतोस? त्यो असता तर परत लावलं असतं का हरणाबाईला?"

तवापासनं मशीन दादाला विचारतंय, अन् आई बटन दाबती. मॅडमनं नाव तसंच ठेवलंय. माझी भीती? हाय तिथंच हाय.

काल तर कहर झाला. दादाची आठवण आली, हात थांबला, खवा खाली लागला. भीत भीत मोबाईलवर सांगितलं, कढई करपली, माझ्याकडनं. लाल अक्षरं आली... 'दादाला विचारा.' बसलो वाट बघत.

उत्तर आलं, 'घ्या. ओरडा.'

अन् आतनं आई सुरू!

म्या उठलो गपगुमान, कढई घासाया.