साडेसहाचा तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे माननीय शैलेशजी चौघुले, महाविद्यालयाच्या प्राचार्या रुचिका मढवी मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण इथे जमलो ते प्राध्यापक केसरीनाथ तरे सर, सरांइतकाच ज्यांचा आज मान आहे त्या राहीवहिनी, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, आजीमाजी विद्यार्थी आणि ड्युटी बदलून घेऊन आलेले सर्व पाहुणे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी रामनाथ केणे. सरांच्याच भूगोल विभागात गेली बावीस वर्षं शिकवतो. मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. त्यांची सुरुवात सरांच्या जन्मगावापासून करावी अशी रीत आहे. मी मात्र सात वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या एका सकाळपासून करणार आहे.

त्या सोमवारी कॉलेज उघडायचं होतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी वज्रेश्वरीला जाऊन यायचं हा माझा नेम आहे. पहाटे निघालो, देवीपुढे हात जोडले, नारळ ठेवला आणि सात वाजता स्टाफरूममध्ये आलो. तिथे कोणी नव्हतं. वेळापत्रक समितीचा प्रमुख मी होतो. मी कच्चा कागद काढला, लाल पेनाने सकाळी साडेसहाचा शून्य तास खोडला आणि सरांचा तास दुपारी बारा दहाला टाकला. खाली सही केली. तुम्ही विचाराल, देवीपुढे काय मागितलंस? सरांचं वाईट मी मागितलं नव्हतं. देवीशी खोटंही बोललो नाही. फक्त तिच्यापुढे तो विषय काढला नाही.

शून्य तास म्हणजे काय, हे पाहुण्यांना सांगायला हवं. आपलं कॉलेज साडेसातला भरतं. आपली बरीच मुलं लूमवर नाहीतर काल्हेरच्या गोदामात कामाला. आठला त्यांची शिफ्ट लागते. म्हणून सर साडेसहाला एक तास घेत. तो वेळापत्रकात होता, त्याची हजेरी धरली जाई. मुलं तास करून कामावर जात. बाकीच्या विषयांना ती कामाला सुट्टी असेल त्या दिवशी बसत, आणि भूगोलाची हजेरी पुरी दिसली की इतर शिक्षकही निभावून नेत. या मुलांचं कॉलेज त्या एका तासावर उभं होतं. हे मला माहीत होतं. कोणती शिफ्ट किती वाजता सुटते हे मला तोंडपाठ होतं. वेळापत्रक करणाऱ्याला ते असावंच लागतं.

मग मी तो तास का खोडला?

अध्यक्ष महोदय, मला सरांचा हेवा वाटत होता. दुसरं कारण नाही.

आमच्या विभागात पीएच.डी. माझी. निकाल माझ्या पेपरचा जास्त. नकाशे मी चार रंगांच्या खडूंनी काढतो. आणि गुरुपौर्णिमेला सरांच्या टेबलावर नारळांची रास पडे, ती माझ्या टेबलावर घरंगळत येई. एका वर्षी एका मुलीने मला गुलाब दिला. मी विचारलं, "माझा कोणता तास आवडला गं?" ती म्हणाली, "सर, दोन फुलं आणली होती. तुम्ही बाजूलाच बसलाय ना." हसा, हसा. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

हळदीची आमंत्रणं यायची. सरांचं नाव पत्रिकेवर हाताने लिहिलेलं, माझं म्हणजे "व इतर शिक्षकवृंद". धामणकर नाक्यावर आम्ही दोघं रिक्षात बसलो की रिक्षावाला सरांना म्हणे, "प्रोफेसर साब, आपसे पैसा नहीं लेंगे, मेरा लडका आपके पास पढा है." मग माझ्याकडे वळून म्हणे, "आपके बीस रुपये."

पण या सगळ्याहून एक प्रसंग मला जास्त लागला. मी दुसऱ्या वर्षाला उष्ण झऱ्यांवर तास घेतला होता. फळ्यावर छेद काढला, थर रंगवले. वर्ग गप्प होता. ते लक्ष आहे असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आलो तर सरांचा तास चालू होता. मी दाराशी थांबलो. पहिल्या बाकावर अकलोलीच्या पाड्यावरची रोशनी होती. सरांनी तिला विचारलं, "तुझ्या गावाला कुंड आहेत. पाणी कधी जास्त कढत असतं, थंडीत का उन्हाळ्यात?" ती उभी राहिली. म्हणाली, "पाणी तेवढाच असतो सर. थंडीत आपला आंग गार असतो, म्हनून तो कढत लागतो." सर वर्गाकडे वळून म्हणाले, "आता लिहून घ्या. आज शिकवणारी ही आहे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझा छेद फळ्याच्या कोपऱ्यात तसाच होता. सरांनी तो पुसलादेखील नव्हता, जपून ठेवला होता. मला त्याचाही राग आला.

वेळापत्रक लागल्यावर सर माझ्याकडे आले. "रामनाथ, साडेसहाचा तास कुठे गेला?"

मी म्हणालो, "सर, इतक्या लवकर शिपाई येत नाही. वर्ग उघडायचा कोणी?"

"बरं," म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला त्यांनी व्हरांड्यात शिकवायला सुरुवात केली. मुलं येत. पण तास वेळापत्रकात नाही, म्हणून त्याची हजेरी धरता येईना. पहिल्या सत्राच्या शेवटी कमी हजेरीची यादी लागली. तिच्यात त्या मुलांपैकी अकरा नावं होती. त्या यादीवरही सही माझीच. सर एकेकाच्या कामावर गेले, मालकांशी बोलले, कोणाची शिफ्ट बदलून घेतली. दहा जण परत आले. अकरावी रोशनी. सर तिच्या घरी अकलोलीला गेले तेव्हा तिची आई, धाकलीबाई, त्यांना म्हणाली, "सर, दुपारचा तास म्हंजे कामावर खाडा. आन खाडा म्हंजे पगार न्हाय. तिचा कालेज आता राहू द्या."

तेव्हापासून सातही वर्षं वेळापत्रक मीच केलं. साडेसहाची जागा दर वर्षी रिकामी ठेवली. एकदा खोडलेलं परत लिहिलं असतं तर पहिल्यांदा का खोडलं होतं, ते सांगावं लागलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ही गोष्ट निरोपाच्या दिवशी कशाला? सांगतो. गेल्या महिन्यात प्राचार्या मॅडमनी सरांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे दिलं. किती विद्यार्थी घडवले, किती वर्षं सेवा केली, हे आकडे हवेत म्हणून मी सरांची जुनी हजेरीपुस्तकं काढली. बावीस वर्षं शेजारी बसून मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने गाव आणि शिफ्ट लिहिलेली. "रोशनी, अकलोली, काल्हेर आठची ड्युटी." त्या वर्षी तिच्या ओळीतल्या खुणा ऑगस्टमध्ये थांबतात. पुढच्या वर्षाचं पुस्तक उघडलं, तर यादी संपल्यावर सगळ्यांत खाली तिचं नाव. तिचा प्रवेश नाही, रोल नंबर नाही, पुढे महिनाभराचे चौकोन कोरे. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. सात पुस्तकं, सात वेळा तिचं नाव.

मानपत्राचा कागद तसाच ठेवला आणि सरांच्या घरी गेलो. राहीवहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"शिपायाचं कारण तू पटकन दिलंस. खऱ्या कारणाला माणूस जरा अडखळतो. आणि आपला हिरामण शिपाई पाच वाजल्यापासून टाकीत पाणी भरत असतो, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

"मग तुम्ही प्राचार्यांकडे का गेला नाहीत?"

सर म्हणाले, "भांडलो असतो तर तास परत मिळाला असता. पण तू उघडा पडला असतास, आणि विभागात दोनच माणसं. मी तुला सांभाळलं. वाटलं, मुलांचं मी कसंही निभावून नेईन. दहांचं निभावलं. रोशनीच्या बाबतीत माझंही चुकलं, रामनाथ. तेव्हा माझ्यापुढे हात जोडू नकोस. जिच्याकडे जायला हवं तिच्याकडे जा."

सभागृहातल्या तरुण शिक्षकांना एक सांगतो. त्या क्षणीही मला हेवा वाटला. माझ्या चुकीतला वाटाही या माणसाने उचलून नेला, असं वाटलं. हेवा असा असतो. तो उपासाने जात नाही, नामस्मरणानेही जात नाही. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सरांच्या परवानगीने हे इथे बोलतो आहे. प्राचार्या मॅडमना मी सगळं लेखी दिलं आहे. सरांनंतर विभागप्रमुख मी होणार होतो, ते पद मी नको म्हणून कळवलं आहे. येत्या जूनपासून साडेसहाचा तास वेळापत्रकात आहे. तो मी घेणार. मुलं येतील की नाही, माहीत नाही. माझ्यासाठी इतक्या सकाळी कोणी का उठावं?

गेल्या बुधवारी संध्याकाळी काल्हेरला गोदामाच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. शिफ्ट सुटली. रोशनी बाहेर आली. गळ्यात ओळखपत्र, हाताखाली वीस बायका आहेत आता. मला ओळखून थांबली. ट्रक जात होते, त्या आवाजात मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, मला वाटलेला मीच कमी पडली."

मी म्हणालो, "नाही."

"सात वर्स घरात मी त्याच सांगतेय. मला कालेज झेपला न्हाय."

मी तिला आजच्या कार्यक्रमाला ये म्हणालो. ती म्हणाली, "मला ड्युटी हाय. आन इथं मला सांगून काय व्हनार? माज्या आईला येऊन सांगा."

चार दिवस मी स्वतःला समजावत होतो, की इथे भाषणात बोललं तरी पुरे आहे. खरं सांगायचं तर सभागृहात कबुली देणं सोपं होतं. तुम्ही शिकलेली माणसं, टाळ्यासुद्धा वाजवाल. त्या अंगणात टाळ्या मिळणार नव्हत्या.

काल रविवारी मी अकलोलीला गेलो. रोशनीला सुट्टी होती. धाकलीबाईंनी खुर्ची बाहेर टाकली, शेजारची चारसहा माणसं जमली. "केसरीनाथ सर दर साली येतात," त्यांना कोणीतरी सांगितलं, "हे दुसरे." मी उभ्यानेच बोललो. तुमच्या मुलीला कॉलेज झेपलं नाही असं झालेलं नाही. तिचा तास मी काढून घेतला, आणि तो सरांच्या हेव्यापोटी काढला. धाकलीबाईंनी मला पाणी विचारलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या लेकीकडे वळल्या. "मंग तू तवा सांगला का न्हाय?"

"मला तरी कुठं ठाव व्हता," रोशनी म्हणाली.

मग दोघी एकमेकींशीच बोलू लागल्या, आणि मी निघालो.

सर, मानपत्रात हे नाही. ते नंतर आपल्याला वाचून दाखवतीलच. अध्यक्षांनी माझी दहा मिनिटं लांबू दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही राहिलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं चुकलं असेल, तर ते आपलं माणूस म्हणून पोटात घाला. पण जे मी सांगितलं, त्याची क्षमा आपण करू नये. ती ज्यांनी करायची किंवा नाही करायची, त्यांच्या अंगणात जाऊन मी काल सांगून आलो आहे.

नमस्कार.