आप्पांचा गोलकीपर

बर्फावरची हॉकी आमच्या बापाला, म्हणजे आप्पांना, घंटा कळत न्हाय. तरी आजवरचे दिग्गज निवडून मोबाईलवर संघ भिडवायला माझ्यासमोर बसले. पैज अशी, की मी हरलो तर परत कॉलेजात जायचं, जिंकलो तर त्यांनी कॉलेजचं नाव काढायचं न्हाय.

आळीपाळीनं खेळाडू उचलायचे होते. माझी पाळी आली तसे आप्पा शेजारी बसलेल्या काकांशी कानडीत कुजबुजले, दुकानात गिऱ्हाईकासमोर कुजबुजतात तसे. "पुढं आपण तो उंच गोलकीपर घेऊ. ह्या कानडीत नापास झालेल्याला काय कळतंय."

मी तोच गोलकीपर उचलला. त्यानं आप्पांच्या संघाला एक बी गोल करू दिला न्हाय, मी जिंकलो.

आप्पा म्हणाले, "कानडी कधी शिकलास रं?"

"कॉलेज सोडल्यावर."