कॅमेऱ्याला ऊब धरेपर्यंत

अहो, हात काढा — गाठ सोडू नका त्या पिशवीची. राहू दे तशीच टेबलावर. बर्फातून आणलेला कॅमेरा एकदम उबेत उघडला की आत-बाहेर दव धरतं, भिंगं आंधळी होतात — या दुरुस्तीच्या दुकानातच केस पांढरे झाले माझे, मला विचारा. दोन तास तरी थांबायचं. तुम्हीही थांबा, बसा. काही सांगायचंय? सांगाल हो, पळून थोडंच जातंय — तुम्हा गाडीवाल्यांना कायम घाई. माझ्या लेकीला वर बर्फात घेऊन जाणारे तुम्हीच ना? ठमी म्हणतो मी तिला. एवढी घोडी झाली, बर्फातल्या कोल्ह्यांचे फोटो काढत हिंडते, तरी ठमीच. पिशवी अशी घट्ट बांधायची हे मीच शिकवलंय तिला, म्हणजे तिनंच बांधून दिली असणार — बरोबर? मान हलवलीत ना? हलवलीत, मी पाहिलं.

फोन लागत नाही तिचा. लागणार कसा — थंडीत बॅटरी मान टाकते, फोनची काय नि कॅमेऱ्याची काय. मेलेली नसते हं, गारठलेली असते, जरा काखेत धरली की पुन्हा उठते. म्हणून तर बटवा शिवून दिला मी तिला, तिच्या आईच्या जुन्या लोकरी शालीचा — बॅटऱ्या त्यात घालायच्या, बटवा शर्टाच्या आत, अंगाला लागून, झोपतानाही काढायचा नाही. हसायची मला. म्हणायची, "बाबा, अंडी उबवणारी कोंबडी केलीत माझी." पण काढला नाही कधी. बाकी बापाचं काही ऐकत नाही, एवढं एक ऐकते. फोन लागेना तेव्हापासून नाही नाही ते मनात येतं — मन चिंती ते वैरी न चिंती. खरं सांगू? भीती वाटतेय मला, फार भीती वाटतेय, म्हणून हा तोंडाचा पट्टा. मी गप्प बसलो की तुम्ही बोलाल.

कोट तरी काढा, शेगडी पेटलीय. — थांबा. खिशातून काय लोंबतंय ते? नाडी? निळी नाडी — बटव्यात मीच ओवली होती ती, दुसरी मिळाली नाही म्हणून बुटाची घातली. द्या. द्या इकडे.

तिनं काढून दिला तुम्हाला हा? स्वतःच्या हातानं? — अहो, खाली काय बघताय, माझ्याकडे बघा ना.

गार आहे हो. बॅटऱ्या आहेत आत, सगळ्या आहेत, पण दगडासारख्या गार.

नाही. बोलू नका. हे बघा, काखेत धरला मी बटवा. वेळ लागेल, पण उठतात त्या, मी पाहिलंय किती वेळा. तुम्ही निघा. काही न सांगता निघा, उपकार होतील तुमचे. आणि दार नीट ओढून घ्या — गारठा आत येतोय.