उकळलेली पुडी

...आणि वर मलाच विचारतात, ‘काका, पाणी उकळलं कशाला?’ उकळलं कशाला! अहो, माशाला कोणी विचारतं का, पोहलास कशाला म्हणून? तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात वाफेच्या मशीनवर काढली मी. वरून ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, ट्रे यायचे, ते घासायचे, कापडात बांधायचे, मशीनमध्ये लोटायचे, दार आवळायचं आणि वाफ सोडायची. जंतू मारणं हे आपलं काम. पस्तीस वर्षांत एक जिवंत सोडला नाही मी.

हसू नका. मेले हे कळायचं कसं, ते विचारा ना. तर सामानाच्या मधोमध बोटाएवढी एक नळी ठेवायची, तिच्यात मुद्दाम घातलेले जंतू, अगदी चिवट, अस्सल. वाफ खाऊन नळी बाहेर आली की तिला उबेत ठेवून वाट बघायची. रंग बदलला की समजायचं, आतली मंडळी जिवंत आहेत, काम फसलं. मग रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहायचं आणि वर गेलेलं सामान परत मागवायचं. एकदाच झालं असं, दाराचं रबर फाटलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून कात्र्या परत मागितल्या मी. मोठ्या सर्जननी चारचौघांत माझी जी काही काढली... जाऊ द्या. पण आणल्या परत. पुन्हा वाफेत घातल्या. सोडतो की काय!

घरीही तेच. चमचे उकळ, टॉवेल उकळ, पेले उकळ. बायको म्हणायची, ‘अहो, बोहल्यावर चढण्याआधी मलाच एकदा उकळून घ्यायचं होतंत.’ घरात दही लावू दिलं नाही कधी. दुधात जाणूनबुजून जंतू सोडायचे आणि वर झाकण ठेवून त्यांची उस्तवार करायची? माझ्या घरात?

आणि एवढं करून मिळालं काय, तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर. मी डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘कुठला जंतू?’ त्या म्हणाल्या, ‘तसं नसतं काका. ही गाठ तुमच्याच पेशींची आहे.’ आता बोला. बाहेरचा आला तर मारता येतो हो. घरातलाच उलटला तर वाफ कुठे सोडायची? वीतभर आतडं कापून काढलं. भूल देण्याआधी, तुम्हाला सांगतो, मान वाकडी करून मी कात्र्यांच्या गाठोड्यावरची पट्टी बघून घेतली. वाफ नीट लागली की पट्टीवर काळ्या रेघा उठतात. उठल्या होत्या. म्हटलं, चला, झोपायला हरकत नाही.

मग सहा महिने सलाइनमधून औषधं. ती संपली, रक्त सुधारलं, आणि एक दिवस बाई म्हणतात, ‘काका, एक अभ्यास चालू आहे, तुम्ही बसता त्यात. रोज एक पुडी घ्यायची.’ ‘कसली?’ ‘जंतूंची. जिवंत. एका पुडीत हजार कोटी.’

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हटलं, बाई, पस्तीस वर्षांत एक जिवंत सोडला नाही मी, आणि हे हजार कोटी गिळू? रोज? त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आतड्यात आधीच त्याहून कितीतरी जास्त आहेत, तुम्हाला न विचारता राहतात. काही वाईट, काही चांगले. चांगले जागा अडवून बसतात, आतड्याच्या अस्तराला खाऊ घालतात, आतली आग कमी करतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसात गाठ परत येणं त्याने टळतं का, ते ठाऊक नाही. म्हणून तर बघतोय. निम्म्यांना खऱ्या पुड्या, निम्म्यांना नुसता स्टार्च, कोणाला काय ते मलाही माहीत नाही. आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत, पुडी म्हणजे उपचार नव्हे.’ मी नाहीच म्हणणार होतो. पण शेजारी बायको बसली होती. माझी बाही धरून ठेवली तिने. केली सही.

आणि रोज सकाळी पेला घासून, पाणी वीस मिनिटं खळखळ उकळून, त्यात पुडी सोडून, ढवळून, फुंकर मारून प्यालो. तीन आठवडे! सोबतचा कागद? पस्तीस वर्षं काम केलेला माणूस कागद वाचतो का? बायकोने वाचला. मोठ्याने. ‘गार किंवा कोमट पाण्यात घ्यावी. गरम पाण्याने जंतू मरतात.’ आणि माझ्याकडे बघत राहिली. सवय हो... जिवंत गेलाच नाही कोणी माझ्या हातून.

मी म्हटलं, कोणाला सांगू नकोस, नाव काढून टाकतील. आणि खरं सांगतो, तेव्हा कळलं की मला ती पुडी हवी होती. नुसती बायकोच्या मनाखातर घेत नव्हतो मी, भीती वाटत होती. गाठ परत येईल याची. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, ‘लाल शाई संपली का हो?’

लावला हॉस्पिटलात फोन. तिकडची नर्स म्हणाली, ‘काका, पाणी उकळलं कशाला?’ बाईंनी बोलावलं, हसू दाबत सगळं लिहून घेतलं. ‘काढत नाही तुम्हाला. चूक झाली तशी नोंदवली. उद्यापासून कोमट.’

आता रोज सकाळी पाण्याचा थेंब मनगटावर टाकून बघतो, तान्ह्या बाळाच्या दुधासारखा. बायको दारातून म्हणते, ‘इतकं जपून मला कधी चहा दिला नाहीत.’ आणि पुडीत स्टार्चच असेल, तर तीन आठवडे मी कपड्यांची खळ शिजवून प्यालो, ते वेगळंच. पूर्वी नळीत कोणी जगलं तर काम फसायचं, आता मेलं तर फसतं, आणि नळी म्हणजे मी.

तरी पेला तोंडाला लावण्याआधी हळूच सांगतो, बायकोला ऐकू जाणार नाही असं... बाबांनो, मागचं मनात ठेवू नका. पस्तीस वर्षांत तुमच्यातला एक जिवंत सोडला नाही मी, कबूल. तुम्ही एकाला सोडा.