एक्केचाळीस मिनिटं आणि मावशींचं नाक

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘साहेब, एवढं शिकून आलात, तरी हा घोळ?’ अहो, शिकून आलो म्हणूनच! सहा वर्षं परदेशात पाणी शुद्ध कसं करावं हे शिकलो, म्हटलं आपल्या माणसांसाठी काहीतरी करू, आलो परत, या पाणी शुद्धीकरण केंद्रावर रुजू झालो, आणि पहिल्याच सकाळी काय बघतो? पंपकाका! चार पंप या माणसाच्या भरवशावर आणि हा आपला दारोदार फिरतोय. गेटवर रखवालदाराला ‘काय, गुडघा काय म्हणतोय?’, लॅबमध्ये मावशींना ‘नातू चालायला लागला का?’, तिथून फोन तलावावरच्या दरवाजेवाल्याला... एक्केचाळीस मिनिटं! तुम्हाला सांगतो, महिनाभर घड्याळ लावून मोजली मी. रोजची एक्केचाळीस मिनिटं, गुडघे आणि नातवंडं यांत!

आता मी पडलो तळमळीचा माणूस. काढला नियम. कामाच्या वेळी कामापुरतंच बोला, बाकी सगळं फॉर्मवर लिहा. फॉर्मही मीच केला, सतरा रकाने, रात्रभर जागून. काका एवढंच म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.” आणि केंद्र असं चिडीचूप झालं, की पहिल्यांदाच मला गाळणीतून पाणी झिरपताना ऐकू आलं. मी तर भरून पावलो हो!

नियमाच्या चौथ्या दिवशी मोठे साहेब येणार होते, मला नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवायला. दहाला गावाचं पाणी सुटणार. फॉर्म माझ्या हातात. गढूळपणा, ठीक. क्लोरीन, ठीक. वास, नाही. खाली मावशींची सही, त्याखाली माझी, झोकदार! वास कसा तपासतात माहीत आहे ना? यंत्रबिंत्र काही नाही, मावशी बाटली नाकाला लावतात. बत्तीस वर्षं ते नाक गावाला पाणी पाजतंय.

पावणेदहाला मावशी शिंकल्या.

झालं! काकांनी माझ्यासमोर माझा नियम मोडला. “मावशी, सर्दी?”

“हो डा! दोड दिवस झाले, कसला वासच येत डाही.”

“अहो, मग सांगितलं का नाही?” मी ओरडलो.

“साहेबांडी बोलू डका बडलं होतं डा!”

“पण फॉर्मवर लिहायचं ना!”

“डाकाचा रकाडा कुठाय?”

सतरा रकाने! गढूळपणाला दोन, तारखेला तीन, आणि नाकाला एकही नाही! काकांनी बाटली हुंगली, माझ्यापुढे धरली. ओल्या मातीचा, शेवाळाचा भपकारा! तलावात वरच्या थराला शेवाळ धरलेलं. पंधरा मिनिटांनी हे पाणी गावभर जाणार, माझ्या सहीनं.

तलावातून पाणी घ्यायचा वरचा दरवाजा बंद करून खालचा उघडायला हवा होता, आणि दरवाजेवाला नेमका रजेवर. मी फोन केला तीनदा. कोण उचलतोय! साहेबाचा नंबर दिसला की रजेवरचा माणूस बहिराच होतो. मग काकांनी लावला. पहिल्या घंटीला उचलला! आणि काका काय म्हणाले असतील? दरवाजा? शेवाळ? छे! “आईच्या डोळ्याची पट्टी सुटली का रे?” इकडे घड्याळाचा काटा पळतोय, मोठ्या साहेबांची गाडी गेटात शिरतेय, आणि हे पट्टीवर बोलतायत, मग औषधाच्या थेंबांवर, मग त्याच्या बायकोच्या पाठदुखीवर... “बरं, ऐक. पाण्याला वास मारतोय रे.” एवढंच. ‘दरवाजा’ हा शब्दसुद्धा नाही! पलीकडून आवाज, “काका, चपला घातल्या, निघालोच.”

तेवढ्यात काकांनी आधीचं पाणी अडवलं, वास शोषणारी कोळशाची पूड टाकायला चौघं बिनबोलावता हजर, कुणाला काही सांगावं लागलं नाही. तुम्हाला सांगतो, परदेशात मी एवढाली यंत्रं पाहिली, पण असं बेमालूम चालणारं यंत्र पाहिलं नाही. आणि त्याला तेल किती लागतं? रोज एक्केचाळीस मिनिटं!

पाणी तासभर उशिरा सुटलं, पण कसं? निर्मळ! मोठ्या साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “सहा महिने अजून बघू. काकांकडून शिका.”

शिका! म्हणजे गप्पा मारा! आणि आम्हाला जमतंय थोडंच? दुसऱ्या दिवशी धीर करून गेटवर गेलो, रखवालदाराला म्हटलं, “काय, गुडघा काय म्हणतोय?” माणूस पांढराफटक! “साहेब, गुडघा ठणठणीत आहे, नोकरीवरून काढू नका!” आणि धावायला लागला हो! साठीला टेकलेला माणूस टाकीभोवती चकरा मारतोय, मी मागून ओरडतोय, ‘अहो थांबा, मी सहज विचारलं!’ जितका ओरडतो तितका जोरात पळतो! तिसऱ्या चकरेला गुडघा गेला. बसला खाली. मग मीही बसलो शेजारी, करतो काय? हळूहळू गुडघ्याचं निघालं, मग त्याच्या मुलीच्या नोकरीचं, मग माझ्या आईचं, मी सहा वर्षं तिला कसा फोनच करत नव्हतो त्याचं...

एक्केचाळीस मिनिटं बोललो आम्ही. मोजली हो, सवय अशी लगेच जाते का?